बोटभर हिरवं

फळीवरचे सगळे डबे खाली उतरले होते, झाकणं ओट्यावर पालथी पडली होती आणि फळी निम्मीच पुसून झाली होती. आठवडाभर मागे ढकललेली कामं सुट्टीच्या दिवशी एकदम अंगावर येतात, तशी ती आली होती. सूनबाई स्टुलावर उभी राहून कोपऱ्यातला तेलकट थर खरवडत होती आणि खिडकीशी खुर्चीत बसलेले सासरे बसल्या जागेवरून देखरेख करत होते.

"साखरेचा डबा कुठे ठेवलास? बरोबर मुंग्यांच्या वाटेवर."

"बाबा, मुंग्यांची वाट तुम्हाला तिथून दिसते. आणि नाकावरचा चष्मा मात्र घरभर शोधत असता."

"चष्मा हलत नाही. मुंग्या हलतात."

यावर ती काही बोलणार तोच खालून हाक आली. बागेचा मुकादम रस्त्यात उभा राहून तोंडाभोवती हात धरून ओरडत होता. "वहिनी! ओ वहिनी! जरा बागेत चला. नकाशेबाईंनी बोलावलंय. तुमचं कुंपण मध्ये येतंय."

सासऱ्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "कुंपण मध्ये येतंय? कुंपण काय चालतं का रे?"

"चालत नाही वस्ताद, आणि हलायलाही तयार नाही. तीच पंचाईत आहे!"

सून स्टुलावरून उतरली, हात पुसले आणि डबे तसेच टाकून निघाली. "मुंग्यांवर लक्ष ठेवा," एवढं म्हणायला मात्र ती विसरली नाही.

बाग टेकडीच्या उतारावर टप्प्याटप्प्यांनी चढत गेलेली. प्रत्येक टप्प्याच्या पोटाशी दगडी भिंत, वर सपाटी, सपाटीत आखून काढलेले वाफे आणि त्या सगळ्यांना जागच्या जागी धरून ठेवणारी, कातरून सरळ केलेली बुटकी कुंपणं. कधीकाळी कुणा धनवंताने हौसेनं करवून घेतली होती. तो गेला, त्याची मुलंबाळं पांगली आणि बाग सगळ्यांची झाली. सगळ्यांची झाली म्हणजे काय झालं, हे सामाईक जिन्याच्या घरात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. वरच्या टप्प्यावर घसरगुंडी आली, खालच्यावर आइस्क्रीमची गाडी आली, वाफ्यांत ज्याला जे आवडलं ते त्याने लावलं, भिंतींची पोटं सुटली, पाण्याचे दगडी पाट मातीखाली गेले. मधल्या टप्प्यावरचं दुहेरी कुंपण तेवढं शाबूत राहिलं. पायऱ्यांपासून पलीकडच्या भिंतीपर्यंत दोन हिरव्या ओळी, मध्ये वाट. दोरी धरून मोजावं तर दोरीच लाजेल इतक्या सरळ.

त्या राहिल्या त्या वस्तादांमुळे. वस्ताद म्हणजे तिचे सासरे. उभा जन्म त्यांनी त्या कुंपणाला कात्री लावली, आणि त्यांच्या आधी त्यांच्या वस्तादाने.

ती लग्न होऊन घरात आली तेव्हा तिला झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं. कोथिंबीर आणली की गवत, हे तिला भाजी खाल्ल्यावर कळायचं, असं सासरे चारचौघांत सांगत. सासू लवकर गेली. नवरा ट्रकवर, घरी आला की पाहुण्यासारखा आणि गेला की घराची भिंत गेल्यासारखी. सासऱ्यांची मनगटं तेव्हाच दुखायला लागली होती. दिवसभर कात्री चालवायचे आणि संध्याकाळी हातातला कप बशीवर वाजायचा. ती जेवणाचा डबा घेऊन बागेत जायला लागली. डबा उघडून द्यायचा म्हणून थांबायला लागली. थांबलीच आहे तर दोरीचं दुसरं टोक धरायला लागली. एक दिवस सासऱ्यांनी कात्री तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "आण तो डबा इकडे. डबा मी धरतो."

शिकवणं त्यांचं असं, की पाठीमागे उभं राहायचं आणि चूक झाली की खाकरायचं. एकच गोष्ट त्यांनी तोंडाने सांगितली, आणि ती इतक्या वेळा की पुढे तिच्या झोपेतसुद्धा आली असेल: "मागच्या कापावर दोरी धर आणि बोटभर हिरवं सोडून काप. लाकूड दिसता कामा नये. लाकूड दिसलं म्हणजे झाडाचं हाड दिसलं." कात्री उचलताना ती देवाचं नाव घ्यायची, तर म्हणायचे, "देवाला सांग, तू वरून दोरी बघ, खालचं आम्ही बघतो."

पुढे पालिकेने तिला त्यांच्या जागी घेतलं. सासऱ्यांचे गुडघेही गेले, पायऱ्या चढणं बंद झालं. आता ते संध्याकाळी खिडकीशी बसून फक्त विचारत, "आज कुठवर आलीस?" ती सांगायची आणि ते डोळे मिटून तिथवर जाऊन यायचे.

ती पोचली तेव्हा मधल्या टप्प्यावर मजूर हात बांधून उभे होते. बागेला जुनं रूप परत द्यायचं ठरल्यापासून काम नकाशेबाईंकडे होतं. हे नाव मुकादमाने ठेवलेलं, कारण बाई काखेत नकाशाची सुरळी घेतल्याशिवाय कुठे जात नसत आणि ऊन झालं की तीच डोक्यावर धरत. त्या क्षणी मात्र सुरळी मातीत पडली होती आणि बाई कुंपणाशी गुडघे टेकून बसल्या होत्या.

"वहिनी, इथे हात घाला. पानांच्या खालून."

तिने हात घातला. काटक्या, कोरडा पाचोळा, कोळ्याचं जाळं, आणि मग बोटांना गार, गुळगुळीत काहीतरी लागलं. कोरलेला दगड. मध्ये खोलगट, पाण्याने झिजलेला.

"हा पाट आहे," बाई म्हणाल्या. "वाटेच्या कडेने, दोन्हीकडून. आम्ही वेड्यासारखे वाटेत खणत होतो."

"म्हणजे दगड सरकले?" मुकादमाने विचारलं.

"दगड आहेत तिथेच आहेत. कुंपण पुढे आलंय. पाट गिळलाय, निम्मी वाट गिळलीये."

"असं कसं होईल?" सून म्हणाली. आवाज जरा चढलाच. "दरवेळी दोरी लावून कापतो आम्ही. एक पान इकडचं तिकडे नाही."

"दोरी कशावरून धरता?"

"मागच्या कापावरून."

"आणि सोडता किती?"

"बोटभर," ती म्हणाली. आणि शब्द तोंडातून निघता निघताच तिला कळलं.

नकाशेबाई सुरळी उचलायला वळल्या. मुकादमाला मात्र गप्प राहणं जन्मात जमलं नव्हतं. "बोट दिलं की हात धरतो म्हणतात," तो म्हणाला, "ते झाडांनाही ठाऊक दिसतंय."

तिला हसू आलं नाही. दर कापणीला बोटभर, आधीच्या माणसाच्या हातून, मग सासऱ्यांच्या, मग तिच्या. चुकून नव्हे, हयगय करून नव्हे. अगदी जपून, मायेने. आणि प्रत्येक वेळी इतकं सरळ कापलेलं, की वाकडं काही आहे असा संशय यायला जागाच नाही. देवाने माणसाला डोळे पुढे दिले, ते बरंच केलं. पण रोज जे बघतो ते दिसेनासं होतं, त्याला त्याने काही इलाज दिला नाही.

नकाशेबाईंनी सांगितलं ते सरळ होतं. एक तर सगळं उपटायचं आणि नवी रोपं दगडाच्या मागे लावायची. नाही तर आतली, वाटेकडची बाजू पार लाकडापर्यंत कापायची, बाहेरची हिरवी ठेवायची, म्हणजे झाडाला खायला पानं राहतील. आतलं फुटलं तर पुढच्या वर्षी दुसरी बाजू.

"आणि नाही फुटलं तर?"

"तर उपटायचंच. वर्ष गेलं ते गेलं. मी दुसरीकडे फुटलेलं पाहिलंय, पण इतकं जुनं लाकूड नव्हतं ते. सोपं म्हणाल तर नवं लावणं सोपं. माझं मन होत नाही इतकंच. हे झाड आतून ओळखणारं कुणी कापणार असेल, तरच मी ते करीन. मजूर पुढच्या टप्प्यावर जायच्या आत सांगा."

मुकादम पायऱ्यांपर्यंत तिच्यासोबत आला. "वस्तादांना कोण सांगणार?"

"तुम्हीच सांगा ना. तुमचा आवाज चांगला खालपासून वर पोचतो."

"छे छे! मला बायकामुलं आहेत, वहिनी."

घरी येऊन तिने फळीचं उरलेलं काम उरकलं, भात टाकला, आणि भात शिजेपर्यंत मनातल्या मनात तीन-चार तऱ्हांनी बोलून बघितलं. शेवटी वाढता वाढता ते तोंडातून निघालं ते एकाच दमात, दगडापासून लाकडापर्यंत.

सासऱ्यांनी घास खाली ठेवला.

"लाकूड उघडं करणार?"

"एकच बाजू, बाबा."

"उपटा म्हणावं. एका दिवसात मोकळं करा. हाल हाल करून मारू नका." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "एवढं शिकवलं ते याचसाठी?"

"तुम्ही एकदा येऊन बघा तरी. दगड—"

"दगड मला दाखवू नकोस. माझा जन्म त्या कुंपणात गेलाय, दगडात नाही."

ते ताटावरून उठले. ती डबे फळीवर लावत राहिली. साखरेचा मिठाच्या जागी, मिठाचा चहाच्या जागी, कसेही. खिडकीतून एक शब्द आला नाही. इतक्या वर्षांत तिला त्या टोकण्याचा कंटाळा आला होता, पण ते थांबल्यावर घर कसं वाटतं, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

दिवेलागणीला ती देवासमोर बसली. काय मागावं तेच सुचेना. झाड वाचू दे म्हणावं, तर त्याआधी ते कापावं लागणार आणि सासरे तुटणार. सासऱ्यांचं मन राहू दे म्हणावं, तर झाड मुळासकट जाणार. तिने नुसतेच हात जोडले. देवाला न सांगता कळतं म्हणतात. त्या दिवशी तिला ते मानण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

सकाळी ती पाणी भरून वळते तो सासरे दाराशी बूट घालत बसलेले.

"कुठे निघालात?"

"पेशंट बघितल्याशिवाय औषध सांगणारा डॉक्टर कसला असतो? लेस बांध."

"गुडघे?"

"ते घरी ठेवून येता येत नाहीत, म्हणून बरोबर घेतोय."

पायऱ्या चढायला त्यांना फार वेळ लागला. दम लागला की थांबायचे, पण दम लागलाय असं दिसू द्यायचं नाही, म्हणून भिंत तपासायचे. "ही फुगलीये. ही बरी आहे. या दगडाला चुना कुणी लावला, त्याच्या..." पुढचं ते सुनेसमोर बोलत नसत. मधल्या टप्प्यावर पोचेपर्यंत सगळ्या भिंती तपासून झाल्या होत्या.

नकाशेबाई पुढे आल्या, मुकादम सुरक्षित अंतरावर उभा राहिला.  सासरे थेट दोन कुंपणांच्या मधून चालायला लागले आणि सून मागून. दोन्हीकडची पानं त्यांच्या कोपरांना घासत होती. मध्यावर थांबून त्यांनी बाही सारली आणि हात कुंपणात घातला, कोपरापर्यंत, मग दंडापर्यंत. वरचं हिरवं बोटभरच होतं. आत नुसत्या कोरड्या काड्या मोडत होत्या.

"आत काहीच नाही," ते म्हणाले. "नुसती हाडं."

मग त्यांचा हात खाली गेला आणि तिथेच राहिला. दगड सापडला असणार.

मुकादमाने एक घमेलं आणून पालथं घातलं. सासरे त्यावर बसले, हाताला लागलेली माती बघत. 

"माझे वस्ताद आणि मी," ते शेवटी बोलले, कुणाला असं नाही, "इथून शेजारी शेजारी जायचो. कात्र्या खांद्यावर, गप्पा मारत. मग कधीतरी ते पुढे आणि मी मागे असं व्हायला लागलं. मला वाटलं, मान म्हणून. वस्तादाच्या मागून चालावं माणसानं. पुढे माझी माणसं माझ्या मागून चालायला लागली. तेव्हाही वाटलं, मान देतायत." त्यांनी वाटेकडे पाहिलं. "वाटच उरली नव्हती गं."

 ती तर इतकी वर्षं त्यांच्या मागूनच चालत आली होती, आणि सुनेनं असंच चालायचं असतं असं समजत आली होती.

"बाई," सासऱ्यांनी नकाशेबाईंना विचारलं, "एका बाजूवर दुसरी जगेल?"

"जगेल असं वाटतं. खात्री नाही देता येत."

"खात्री आयुष्यभर मला होती. काय उपयोग झाला?" ते सुनेकडे वळले. "घे सिकेटर. फांदीला ती छोटी कात्रीच हवी."

"बाबा, पहिली फांदी तुम्ही..."

"माझा हात थरथरतो. आणि माझा हात बोटभर सोडेल. त्याला तेवढंच येतं. तू काप."

तिने देवाचं नाव घेतलं. या वेळी सासऱ्यांनी देवाला दोरी बघायला सांगितलं नाही. तिने फांदी वाकवली आणि कापली. मागून खाकरणं ऐकू आलं.

"सोडलंस."

तिने बघितलं. खरंच, कापाच्या पुढे हिरव्याचा एक झुबका राहिला होता. तिने तो पुन्हा, खाली लाकडात कापला. पांढुरका, ओला काप उघडा पडला. कुणाच्या अंगावरचं पांघरूण ओढल्यासारखी तिला लाज वाटली. पण हात थांबला नाही. जाड फांद्यांना करवत लागली, ती मुकादमाने धरली. दुपार कलेपर्यंत कुंपणाचा एक तुकडा मोकळा झाला होता: आतून तपकिरी काठ्या, बाहेरून हिरवी भिंत, आणि पायाशी, कितीतरी वर्षांनी उजेडात आलेला पाट.

पुढच्या दिवसांत काम सरकत गेलं आणि लोकांची तोंडंही सुटली. सकाळी फिरायला येणारे थांबून मान हलवायचे. पांढऱ्या बुटांचे एक गृहस्थ रोज मुकादमाला ऐकवायचे, "सुंदर कुंपण होतं, नागडं केलंत. हे बघायला कर भरतो का आम्ही?" एकदा सासरे तिथेच घमेल्यावर बसले होते. आता ते एक दिवसाआड येत; भिंती तपासत, पण येत. ते म्हणाले, "साहेब, न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्यात उठलात तर तुम्हीही असेच दिसाल. जरा बसून राहा." गृहस्थ बसले मात्र नाहीत.

पाट साफ झाला तेव्हा नकाशेबाईंनी वरून पाणी सोडून बघितलं. करंगळीएवढी धार आली, अडखळली, पाचोळा ढकलत पुढे गेली. सगळे बघत उभे राहिले. सून मात्र धारेकडे न बघता काठ्यांकडे बघत होती.

रोज संध्याकाळी सासरे विचारायचे, "काठीला डोळा फुटला?"

"नाही, बाबा."

"येईल." काही दिवसांनी ते 'येईल' बंद झालं आणि नुसतं 'हं' उरलं. त्या हुंकारात राग नव्हता, हे तिला कळत होतं, आणि तरी तो ऐकला की तिचे हात काही तरी करायला शोधायचे. कधी ती स्वच्छ ओटा पुन्हा पुसायची.

मग एका सकाळी पायऱ्यांकडच्या टोकाला, जिथे मोठ्या झाडाची सावली असते, तिला लाकडावर पुटकुळ्यांसारखं काही दिसलं. ती वाकली. मोहरीएवढे, लालसर. साल फोडून बाहेर आलेले डोळे. एकाच काठीवर नाही, शेजारच्यावर, तिच्या शेजारच्यावरही. तिच्या तोंडून "अगं बाई!" इतकं मोठ्यानं निघालं की मुकादम वरच्या टप्प्यावरून धावत आला. साप निघाला असं त्याला वाटलं होतं.

पण ती तशीच वाकून पुढे चालत गेली, आणि भिंतीकडच्या टोकाला, जिथे दुपारचं ऊन थेट पडतं, तिथे डोळे नव्हते. साल तडकली होती. तिने नखाने खरवडलं. खाली हिरवं दिसायला हवं, तिथे फिकट तपकिरी दिसलं. पुढच्या काठीवरही तेच.

ती तशीच घरी गेली आणि सासऱ्यांना दोन्ही सांगितलं, आधी चांगलं, मग वाईट. त्यांनी चांगलं ऐकून डोळे मिटले आणि वाईट ऐकून उघडले.

"झाकलं नाहीत?"

"काय झाकायचं?"

"साल! जन्मभर पानांच्या सावलीत राहिलेली साल ती, तिला एकदम उन्हात उभं केलंत. भाजणारच." मग ते स्वतःवरच चिडले. "मलाही सुचलं नाही. लाकूड कधी उघडं पडूच दिलं नाही, तर झाकायचं कसं सुचणार? मुळाजवळ खरवडलंस का?"

"नाही."

"जा, खरवड."

ती परत गेली, पायऱ्या भराभर चढून. नकाशेबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, "हे मी बघायला हवं होतं," आणि तिच्या शेजारी मातीत बसल्या. दोघींनी मिळून एकेक काठी अगदी बुंध्याशी खरवडली. पहिली कोरडी निघाली. दुसरीही. तिसरीच्या सालीखाली बारीक हिरवी रेघ होती. पुढच्या दोहोंना होती, त्यापुढच्या एकीला नव्हती, मग पुन्हा होती.

"काही जातील," नकाशेबाई म्हणाल्या.

"काही राहतील," सून म्हणाली.

ओल्या पोत्यांनी ते टोक दुपारच्या आत झाकायला हवं होतं आणि बागेच्या कोठारात एकही धड पोतं नव्हतं. तिने हात झटकले, मुकादमाला पाण्याची नळी ओढून ठेवायला सांगितलं आणि रिकामी पोती मागायला ती धान्याच्या दुकानाकडे निघाली.